डिस्कचं बारसं

हॉस्टेलवर राहणाऱ्या प्रत्येक मुलाला किमान तीन ओळखी असतात. पहिली म्हणजे रोल नंबर. तो काही कायमचा नसतो. फर्स्ट इयरला २३ असलेला मुलगा सेकंड इयरला ३१ होतो, कारण मध्ये डिप्लोमाची मंडळी थेट येऊन बसतात. दुसरी ओळख म्हणजे पीआरएन नंबर. तो एकदा मिळाला की शेवटच्या मार्कशीटपर्यंत तोच राहतो, पण स्वतःचा पीआरएन तोंडपाठ असलेला मुलगा शोधून दाखवा! आणि तिसरं म्हणजे हाकेचं नाव. अण्णा, पाटील, मास्तर, नाहीतर सरळ गावाच्या नावाने 'ए उदगीर'. मेसमध्ये, मैदानावर, रात्री दोन वाजता चहाला उठवताना हेच नाव चालतं.

आता गंमत अशी आहे की मोठ्या लिनक्स सर्व्हरला जोडलेल्या डिस्कचंही अगदी असंच असतं. तिलाही एक बदलणारा नंबर असतो, एक न बदलणारा लांबलचक नंबर असतो आणि एक हाकेचं नाव असतं. हे तिसरं नाव मात्र आपण ठेवायचं असतं. ते कसं ठेवायचं आणि नीट नाही ठेवलं तर काय अनर्थ होतो, हे या लेखात सांगायचा प्रयत्न करतो. आमच्या सिलॅबसमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम आहे, पण हा भाग पुस्तकात नाही. नोकरीला लागल्यावर मात्र पहिल्या सहा महिन्यांत समोर येऊ शकतो. (कमांड्स इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी कळा दाबायच्या!)

एक डिस्क, वाटा चार

आधी 'मल्टिपाथ' म्हणजे काय ते पाहू. घरच्या पीसीत डिस्क डब्याच्या आतच असते आणि एका केबलने मदरबोर्डला जोडलेली असते. बँक, मोठं हॉस्पिटल, विद्यापीठ, टेलिफोन कंपनी यांच्याकडे असं चालत नाही. तिथे डिस्कचं एक वेगळंच कपाट असतं, त्याला स्टोरेज म्हणतात. सर्व्हर वेगळा, स्टोरेज वेगळं, आणि मध्ये फायबर केबल व स्विच यांचं जाळं. या जाळ्याला स्टोरेज एरिया नेटवर्क, म्हणजे 'सॅन' म्हणतात. स्टोरेजमधून सर्व्हरला जो डिस्कचा तुकडा दिला जातो त्याला 'लन' म्हणतात.

आता सर्व्हर आणि स्टोरेजच्या मध्ये एकच केबल असेल तर? ती केबल उंदराने कुरतडली, स्विच जळाला, कोणी झाडता झाडता प्लग ओढला, की खेळ खलास. डेटा जागेवर सुखरूप आहे, पण तिथपर्यंत जायला रस्ताच नाही.

एकच वाट असली की काय होतं हे लातूरकरांना वेगळं सांगायला नको. लातूर शहराचं पाणी मांजरा धरणावर अवलंबून होतं. २०१६ च्या उन्हाळ्यात धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. सुमारे ३४० किलोमीटर! 'जलदूत'च्या पहिल्या खेपेला १० टाक्या होत्या आणि त्यात ५ लाख लिटर पाणी होतं. त्यासाठी राजस्थानातल्या कोट्याहून वॅगन साफ होऊन आल्या, मिरजेला पाइपलाइनची सोय करावी लागली. दुसरी वाट सापडली खरी, पण ती घाईगर्दीत, घसा कोरडा पडल्यावर. इंजिनियरने हा धडा घ्यावा की दुसरी वाट संकट यायच्या आधीच तयार ठेवायची असते.

मल्टिपाथमध्ये तेच करतात. सर्व्हरला दोन कार्ड, मध्ये दोन स्विच, स्टोरेजला दोन कंट्रोलर. दोन कार्डांतून प्रत्येकी दोन कंट्रोलरपर्यंत जाता येतं, म्हणजे एकूण चार वाटा. एक बंद पडली तर माहिती दुसरीने जाते, आणि वापरणाऱ्याला कळतही नाही. आपल्या नांदेडला गोदावरीवर एकापेक्षा जास्त पूल आहेत. पुराचं पाणी जुन्या पुलावर चढलं तरी दुसऱ्या पुलावरून शहरात जाता येतं, तसंच हे.

पण इथेच घोळ सुरू होतो

लिनक्सचं कर्नल प्रामाणिक आहे, पण या बाबतीत जरा भोळं आहे. त्याला चार वाटांनी एकच लन दिसला की ते म्हणतं, अरे वा, चार डिस्क आल्या! मग ते त्यांना चार नावं देतं: एसडीबी, एसडीसी, एसडीडी, एसडीई. (एसडीए ही बहुतेक सर्व्हरमधली स्वतःची डिस्क असते.) म्हणजे एकाच घरात चार दारांनी शिरणारा पाहुणा चार माणसं म्हणून मोजला गेला.

आता हिशोब करा. एका सर्व्हरला १० लन दिले आणि प्रत्येकाला ४ वाटा. १० गुणिले ४ म्हणजे ४० डिस्क दिसणार. एसडीबीपासून सुरू करून झेडपर्यंत अक्षरं संपतात, मग एसडीएए, एसडीएबी असं करत गाडी एसडीएओपर्यंत जाते. यातली कुठली चार एकाच लनची, हे नुसतं बघून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आणि ही नावं कायमचीही नाहीत. जी डिस्क आधी सापडली तिला आधीचं अक्षर. आजकालचं कर्नल वेळ वाचवण्यासाठी एकाच वेळी अनेक ठिकाणी डिस्क शोधतं, त्यामुळे आज जी एसडीसी आहे ती मशीन रिबूट झाल्यावर एसडीएफ असू शकते. रोल नंबरसारखंच. म्हणून एसडी-नावावर भरवसा ठेवून कुठलीही गोष्ट कायमची लिहून ठेवायची नाही, हा पहिला नियम.

चार वाटांना एकत्र बांधून एकच डिस्क दाखवणं हे डिव्हाइस मॅपरचं काम. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ कर्नलबरोबर डिव्हाइस मॅपर आला आणि २००५ मध्ये त्याचा मल्टिपाथ भागही कर्नलमध्ये होता. त्याआधी प्रत्येक स्टोरेज कंपनीचं आपापलं सॉफ्टवेअर असायचं, उदाहरणार्थ ईएमसीचं पॉवरपाथ. कर्नलच्या बाहेर 'मल्टिपाथ-डी' नावाचा एक राखणदार प्रोग्रॅम सतत चालू असतो. तो दर काही सेकंदांनी प्रत्येक वाटेला 'आहेस का?' असं विचारतो. उत्तर आलं नाही की ती वाट बाद. परत आली की परत यादीत.

पत्रिकेतलं नाव

मग मल्टिपाथला कसं कळतं की या चार वाटा एकाच डिस्कच्या आहेत? तर पीआरएन विचारून! प्रत्येक लनला स्टोरेजने एक जगात एकमेव असा नंबर दिलेला असतो. त्याला वर्ल्ड वाइड आयडेंटिफायर, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूआयडी म्हणतात. सर्व्हर चारही वाटांनी हा नंबर विचारतो. चारही वाटांनी एकच उत्तर आलं की डिस्क एकच.

हा नंबर साधारण ३३ अक्षरांचा असतो. सुरुवातीचा ३ हा नंबर कोणत्या पद्धतीचा आहे ते सांगतो, पुढच्या भागात तो बनवणाऱ्याची खूण असते. उदाहरणार्थ लिनक्सचंच स्वतःचं स्टोरेज सॉफ्टवेअर वापरलं तर नंबर ३६००१४०५ ने सुरू होतो आणि पुढे अजून २५ अक्षरं. केबल बदला, स्विच बदला, सर्व्हर बदला, हा नंबर बदलत नाही.

मल्टिपाथला काहीच सांगितलं नाही तर तो हाच नंबर डिस्कचं नाव म्हणून वापरतो. हे सगळ्यात सुरक्षित आहे, यात वाद नाही. पण रात्री अडीच वाजता फोनवर सहकाऱ्याला ३३ अक्षरं सांगून बघा. 'बी बॉम्बेचा की डी दिल्लीचा?' यातच अर्धी रात्र जाते. आपण पत्रिकेतल्या नावाने कुणाला हाक मारत नाही, त्याचं हेच कारण आहे.

मशीनने ठेवलेलं नाव

यावर पहिला उपाय म्हणजे 'युझर फ्रेंडली नेम्स' नावाची सेटिंग. ई-टी-सी फोल्डरमध्ये 'मल्टिपाथ डॉट कॉन्फ' नावाची फाइल असते. तिच्यात ही सेटिंग 'यस' केली की मल्टिपाथ स्वतःच सोपी नावं देतो: एमपाथए, एमपाथबी, एमपाथसी. रेड हॅटच्या जुन्या व्हर्जनमध्ये एमपाथ०, एमपाथ१ असे आकडे असायचे, नंतर अक्षरं आली.

कुठलं नाव कुठल्या नंबरला दिलं याची नोंद 'बाइंडिंग्ज' नावाच्या एका साध्या फाइलमध्ये राहते. त्यामुळे रिबूट झालं तरी एमपाथबी ही एमपाथबीच राहते. एसडी-नावापेक्षा हे नक्कीच बरं. पण यात एक मोठी मेख आहे, आणि या लेखाचं खरं कारण तीच आहे.

ही बाइंडिंग्ज फाइल प्रत्येक सर्व्हरची वेगळी असते!

समजा एका संस्थेत दोन सर्व्हर आहेत आणि दोघांनाही तेच स्टोरेज जोडलं आहे. पहिल्या सर्व्हरला आधी परीक्षेच्या निकालांचा लन सापडला, तिथे त्याचं नाव एमपाथबी. नंतर नवा कोरा लन सापडला, त्याचं नाव एमपाथसी. दुसऱ्या सर्व्हरला क्रम उलटा लागला. तिथे निकाल म्हणजे एमपाथसी आणि कोरा लन म्हणजे एमपाथबी. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

आता ऑपरेटर पहिल्या सर्व्हरवर बघून वहीत लिहितो, 'एमपाथसी रिकामी आहे.' वही घेऊन दुसऱ्या सर्व्हरवर जातो आणि एमपाथसी फॉरमॅट करतो. पहिल्या सर्व्हरवर ती डिस्क वापरात आहे हे दुसऱ्याला माहीत असायचं काही कारण नाही, त्यामुळे 'डिव्हाइस बिझी' असं म्हणून तो अडवत नाही. फार तर 'इथे आधीची फाइलसिस्टिम दिसते आहे' असा इशारा येतो, आणि सवयीने फोर्सचा पर्याय लावणारे लोक तो वाचत नाहीत. एका सेकंदात काम तमाम. डिस्क ठणठणीत, चारही वाटा ठणठणीत, दोन-दोन कंट्रोलर, लाखोंचा खर्च, आणि हजारो मुलांचे मार्क गेले. का? तर एका नावाचे दोन अर्थ झाले म्हणून.

बॅकअप असेल तर निदान रडत का होईना परत आणता येईल. नसेल तर काय, याची कल्पना ज्याची एक मार्कशीट हरवली आहे त्याने करावी.

आपण ठेवलेलं नाव

म्हणून दुसरा उपाय, आणि माझ्या मते खरा उपाय: डिस्कचं बारसं आपणच करायचं. यालाच 'एलियास' म्हणतात. त्याच मल्टिपाथ डॉट कॉन्फ फाइलमध्ये खाली असं लिहायचं:

मल्टिपाथ्स {
   मल्टिपाथ {
      डब्ल्यूडब्ल्यूआयडी ३६००१४०५…
      एलियास निकाल_डेटा
   }
}

बस्स, इतकंच. वरच्या ओळीत पूर्ण नंबर लिहायचा (ठिपके नाहीत!) आणि खालच्या ओळीत नाव, अर्थात इंग्रजी अक्षरांत. एलियास असेल तर मल्टिपाथ तेच वापरतो. नसेल तर एमपाथ नाव, तेही बंद असेल तर लांब नंबर. हा प्राधान्यक्रम लक्षात ठेवा, इंटरव्ह्यूला विचारण्यासारखा आहे.

काम करायचा क्रम असा:

१. 'मल्टिपाथ डॅश एल-एल' ही कमांड द्या. प्रत्येक डिस्कचं आताचं नाव, नंबर, साइज आणि वाटा दिसतील. निरोगी वाटेपुढे 'अॅक्टिव्ह रेडी रनिंग' असं असतं, मेलेल्या वाटेपुढे 'फेल्ड फॉल्टी'.

२. तो नंबर स्टोरेज सांभाळणाऱ्या माणसाकडच्या नंबराशी ताडून बघा. नुसत्या साइजवर विसंबू नका. शंभर-शंभर जीबीचे पाच लन असतात तेव्हा साइज काहीच सांगत नाही.

३. फाइलमध्ये एलियास लिहा. डिस्क वापरात असेल तर आधी अनमाउंट करा. चालत्या गाडीचं चाक बदलायला जाऊ नये.

४. 'मल्टिपाथ-डी रीकॉन्फिगर' द्या. आता डेव्ह फोल्डरच्या आत मॅपर नावाच्या फोल्डरमध्ये तुमचं नाव दिसायला हवं. तिथेच बाजूला डीएम-०, डीएम-१ अशीही नावं दिसतील. ती कर्नलच्या घरातली आहेत, बदलू शकतात, त्यांना हात लावायचा नाही.

५. एफएसटॅबमध्ये मॅपरमधलं नवं नाव लिहा. काही जण तिथे फाइलसिस्टिमचा यूयूआयडी लिहितात. चालतं, पण लनची हुबेहूब कॉपी म्हणजे क्लोन केला तर दोघांचा यूयूआयडी सारखाच राहतो. डब्ल्यूडब्ल्यूआयडी मात्र वेगळा असतो.

६. शेवटी बूटची छोटी इमेज परत बनवा. रेड हॅट घराण्यात 'ड्रॅकट डॅश एफ', डेबियन-उबुंटूमध्ये 'अपडेट-इनिटरॅमएफएस डॅश यू'. ही पायरी बरेच जण विसरतात. बूट होताना मशीन जुनीच फाइल वाचतं आणि बारसं झालेलं बाळ परत जुन्या नावाने उठतं.

७. हीच मल्टिपाथ्सची यादी दुसऱ्या सर्व्हरवरही जशीच्या तशी ठेवा. आता दोन्हीकडे निकाल_डेटा म्हणजे निकालच.

नाव कसं असावं?

नाव ठेवण्यातही अक्कल लागते. आपल्या भागात याचं उत्तम उदाहरण आहे. 'लातूर' आणि 'लातूर रोड' ही दोन वेगळी रेल्वे स्टेशन्स आहेत, मध्ये तीसेक किलोमीटरचं अंतर. नवखा माणूस बीदरकडे जाणाऱ्या गाडीत बसून नुसतं 'लातूर' ऐकून उतरला, की बसला पुढची गाडी नाहीतर जीप शोधत. रेल्वेला मात्र गोंधळ होत नाही, कारण तिच्याकडे दोघांचे कोड वेगळे आहेत. म्हणजे मशीनसाठी कोड ठीक, पण माणसासाठी नावंही दुरून वेगळी ओळखता आली पाहिजेत. 'डेटा१' आणि 'डेटा११' अशी नावं ठेवणं म्हणजे स्वतःहून लातूर रोडला उतरणं आहे.

दुसरं, नावाच्या शेवटी आकडा शक्यतो नको. त्या डिस्कची पार्टिशन्स पाडली की पार्टिशनचा नंबर नावाच्या मागे चिकटतो. कधी नुसता, कधी मध्ये 'पी' लावून. मग 'डेटा१' ची पहिली पार्टिशन की अकरावी डिस्क, हे ओळखत बसा.

तिसरं, नावात काम असावं, जागा नको. 'डावीकडचं_कपाट' असं नाव ठेवलं आणि कपाट उजवीकडे सरकवलं तर? जे बदलत नाही ते नावात घ्यावं. स्पेस आणि स्लॅश टाळा.

चौथी गोष्ट एलियासचा खरा मोठेपणा सांगते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी नव्या जागी वसवलं गेलं. जमीन बदलली, घरं बदलली, नाव तेच राहिलं आणि पत्र त्याच नावाने येत राहिलं. जुनं स्टोरेज बदलून नवं आणतात तेव्हाही असंच होतं. डेटा नव्या लनवर नेला की नंबर बदलतो. पण एलियास असेल तर जुना लन काढून फाइलमधली फक्त नंबराची ओळ बदलायची. एफएसटॅब, बॅकअपच्या स्क्रिप्ट, डेटाबेसची सेटिंग, सगळं जुन्याच नावावर चालू राहतं.

याउलटही होऊ शकतं. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. नाव बदललं, पण शेताचा गट नंबर त्यामुळे हलला नाही. डिस्कचंही नाव बदलता येतं, आतल्या डेटाला धक्का लागत नाही. फक्त जिथे जिथे जुनं नाव लिहिलं आहे तिथे ते बदलावं लागतं. म्हणून पहिल्यांदाच विचार करून ठेवलेलं बरं.

हॉस्टेलवर करून बघा

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठलं आलंय लाखोंचं स्टोरेज? गरजच नाही. एका बऱ्यापैकी लॅपटॉपवर दोन छोटी व्हर्च्युअल मशिन्स बनवा. पहिल्यावर 'टार्गेट-सीएलआय' टाकून एका फाइललाच डिस्क म्हणून आय-स्कझीने वाटा. त्या मशीनला दोन नेटवर्क कार्ड द्या, दोन वेगळ्या नेटवर्कवर. दुसऱ्या मशीनवरून दोन्ही पत्त्यांवर लॉगिन करा. झाल्या दोन वाटा! आता दोन एसडी-डिस्क दिसतील. मग मल्टिपाथचं पॅकेज टाका. रेड हॅट घराण्यात त्याचं नाव डिव्हाइस-मॅपर-मल्टिपाथ, डेबियन घराण्यात मल्टिपाथ-टूल्स. दोनाची एक झाली की तिला एलियास द्या, फाइलसिस्टिम बनवा आणि तिच्यावर एखादा मोठा सिनेमा कॉपी करायला लावा. कॉपी चालू असताना एक नेटवर्क कार्ड बंद करा. कॉपी काही सेकंद अडखळेल आणि परत सुरू होईल. हा क्षण डोळ्यांनी बघितला की मल्टिपाथ कायमचा समजतो.

मग अजून एक प्रयोग करा. तिसरं मशीन बनवा, दोन लन द्या आणि दोन मशिन्सवर मुद्दाम उलट्या क्रमाने जोडा. युझर फ्रेंडली नेम्स चालू ठेवा, एलियास देऊ नका, आणि दोन्हीकडे एमपाथबीचा नंबर बघा. इथे काही बिघडलं तरी फक्त एक सिनेमा जाईल.

आपल्यातले बरेच जण पुढे पुणे, हैदराबाद, बंगलोरला अशाच मशिन्ससमोर बसणार आहेत. त्या डिस्कवर कुणाचा पगार असेल, कुणाचा एक्स-रे, कुणाचा निकाल. ती माणसं आपल्याला कधी भेटणार नाहीत आणि त्यांच्या डिस्कला आपण काय नाव दिलं हे त्यांना कधी कळणारही नाही. तरीही फॉरमॅटची कमांड देण्याआधी नाव वाचा, मग नंबर वाचा, आणि दोन्ही जुळले तरच एंटर दाबा.